विश्लेषण : घरी बिअर बनवता येते, पण बुलढाण्यात बनवली तर? किट मागवण्याआधी हे वाचा

स्टीलचं मोठं पातेलं, चार-पाच किलो माल्ट, मूठभर हॉप्स, यीस्टचं एक पाकीट. तीन-चार आठवड्यांनी बाटलीचं झाकण उघडतं, 'फस्स' आवाज येतो आणि रील संपतं. घरी बिअर बनवण्याचे असे व्हिडिओ मोबाइलवर एकामागून एक येत राहतात. दोन-तीन पाहिले की माल्ट, हॉप्स आणि 'बिगिनर किट'च्या जाहिरातीही मागे लागतात. पत्त्यात खामगाव किंवा चिखलीचा पिनकोड टाकला तरी ऑर्डर घेतली जाते.

व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले किंवा ब्रिटनमधले असतात. त्यामुळे त्यात एक गोष्ट कधीच सांगितली जात नाही. मोहाचा सडवा किंवा गावठी दारूचं रसायन पकडल्यावर पोलीस जो कायदा लावतात, तोच कायदा स्वयंपाकघरातल्या या वीस लिटरच्या बादलीलाही लागू होतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर तयार करणं हा गुन्हा आहे. हौस म्हणून केली, विकली नाही, घरच्या घरीच प्यायली, यानं त्यात फरक पडत नाही.

बिअर कशी बनते, आपल्या जिल्ह्यात ती बनवणं तांत्रिकदृष्ट्याही का सोपं नाही आणि कायदा नेमका कुठे आडवा येतो, ते पाहू.

आधी विज्ञान : यातलं अर्धं काम आजीला येतं

बिअरचा कच्चा माल चार गोष्टींचा : पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट हा शब्द परका वाटतो, पण क्रिया घरातलीच आहे. बाळासाठी नाचणी सत्त्व करताना नाचणी भिजवतात, मोड आणतात, वाळवतात आणि दळतात. तेच जवाच्या बाबतीत केलं की बार्ली माल्ट. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची एन्झाइम्स तयार होतात. त्यांचं काम पिठूळ स्टार्चचे तुकडे करून साखर बनवणं. मोडाच्या सत्त्वाला किंचित गोडी असते ती यामुळेच.

पुढची पायरी 'मॅशिंग'. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सिअसला तासभर ठेवायचं. हे तापमान म्हणजे सगळ्या खेळाची गुरुकिल्ली. ते ७५ च्या पुढे गेलं तर एन्झाइम्स निकामी व्हायला लागतात. खूप खाली राहिलं तर स्टार्च नीट फुटत नाही. अंदाजपंचे हात घालून पाणी तपासण्याची सवय इथे उपयोगाची नाही, थर्मामीटर लागतोच. तासाभरानं गाळून जो गोड, चहाच्या रंगाचा रस मिळतो, त्याला 'वर्ट' म्हणतात. त्यात अजून अल्कोहोलचा थेंबही नसतो.

वर्ट तासभर उकळतात आणि उकळताना हॉप्स टाकतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूसारखी हिरवी फुलं. बिअरचा कडवटपणा आणि वास त्यांचा. त्यांच्यातल्या घटकांमुळे काही जिवाणूंची वाढही रोखली जाते. भारतात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात हॉप्सची शेती होते. बुलढाण्याच्या हवेत ही वेल रुजवण्याच्या भानगडीत न पडलेलं बरं.

उकळलेला वर्ट लवकर थंड करून त्यात यीस्ट सोडतात. एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट आणि पावाचं यीस्ट एकाच प्रजातीतलं, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. ते साखर खातं आणि दोन गोष्टी बाहेर टाकतं : इथाइल अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. गणित सरळ आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. वीस लिटरची साधारण पाच टक्क्यांची बिअर होईपर्यंत चारशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणूनच बादलीला 'एअरलॉक' लावतात. त्यातून वायू बाहेर जातो, पण हवा आत येत नाही. झाकण घट्ट बंद केलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

अल्कोहोल किती झालं ते हायड्रोमीटरनं कळतं. सुरुवातीला वर्टची सापेक्ष घनता १.०५० आणि शेवटी १.०१० आली, तर फरक ०.०४०. त्याला १३१.२५ नं गुणायचं. उत्तर सव्वापाच टक्के. बारावीच्या प्रॅक्टिकलपेक्षा अवघड काही नाही.

फसगत होते ती शेवटी. बिअरमध्ये बुडबुडे यावेत म्हणून बाटलीत भरताना लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घालतात. उरलेलं यीस्ट ती खातं आणि वायू बाटलीतच कोंडला जातो. चमचाभर साखर जास्त पडली किंवा मुळातलं आंबणं पूर्ण व्हायच्या आत बाटल्या भरल्या, तर दाब वाढत जातो आणि काच फुटते. हौशी लोक याला 'बॉटल बॉम्ब' म्हणतात. विनोद म्हणून नाही, काचेचे तुकडे खरोखर अंगात घुसतात.

बुलढाण्याचा उन्हाळा आणि खारपाण पट्ट्याचं पाणी

व्हिडिओतला माणूस बादली कोपऱ्यात ठेवतो आणि निघून जातो. त्याच्या घरात वर्षातले बरेच महिने वीस अंश तापमान असतं. एल प्रकारच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश मानवतं. लागरला तर त्याहून थंड, ८ ते १३ अंशांच्या आसपास.

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं, त्यामुळे जिल्ह्यात तेवढंच जरा गार. पण घाट उतरून मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावकडे आलं की मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो. त्यात आंबताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं, बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंश वर असतं. तिशीच्या पुढे गेलेलं यीस्ट काम झपाट्यानं उरकतं, पण सोबत असे जड अल्कोहोल आणि एस्टर सोडतं की बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. माठाला गुंडाळतात तसं ओलं पोतं आणि समोर कूलर, हा उपाय कोरड्या हवेत काही अंश उतरवतो. मेमध्ये तेवढं पुरत नाही. वेगळा फ्रिज आणि त्याला तापमान नियंत्रक लागतो, म्हणजे 'स्वस्तातला छंद' तिथेच संपला.

पाण्याचा प्रश्न त्याहून जुना आहे. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अकोला, अमरावतीसोबत बुलढाण्यातल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागातही पसरला आहे. इथल्या अनेक विहिरी-बोअरचं पाणी मचूळ. ज्या पाण्यात डाळ शिजायला वेळ घेते, त्या पाण्यात चांगली बिअर होण्याची अपेक्षा करू नये. सोडियम आणि क्लोराइड जास्त झाले की चव बिघडते, क्षार वाढले की मॅशचा सामू हवा तिथे, म्हणजे ५.२ ते ५.६ दरम्यान, येत नाही. (याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो, हे दुसरं टोक.) आरओच्या जारचं पाणी वापरलं तर उलटी अडचण. त्यातून कॅल्शियमही निघून गेलेलं असतं आणि एन्झाइम्स व यीस्टला ते थोडं लागतं. मग ते मोजून परत घालायचं.

मग आपल्याकडची ज्वारी? प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या केली जाते. नायजेरियानं १९८८ मध्ये बार्लीच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांना ज्वारी आणि मक्याकडे वळावं लागलं आणि त्यांनी त्यावर बिअर काढून दाखवली. पण ज्वारीचा स्टार्च जवापेक्षा जास्त तापमानाला फुलतो आणि तिच्या माल्टमध्ये साखर बनवणारं एक महत्त्वाचं एन्झाइम कमी असतं. त्यामुळे ती आधी वेगळी शिजवावी लागते. पहिल्याच प्रयत्नात जमणारं हे काम नव्हे.

कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मद्य हा राज्याचा विषय. दारूचं उत्पादन, बाळगणं, वाहतूक, खरेदी-विक्री यावर कायदा करण्याचा अधिकार राज्य सूचीतल्या आठव्या नोंदीनं राज्यांना दिला आहे. महाराष्ट्रात लागू आहे तो १९४९ चा दारूबंदी अधिनियम. आधी त्याच्या नावात 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे. नाव दारूबंदीचं असलं तरी प्रत्यक्षात तो 'परवान्याशिवाय बंदी' असा चालतो. आधी सगळं मना, मग परवान्यानं थोडं थोडं मोकळं.

या कायद्यात 'मद्य' या शब्दाची व्याख्या रुंद आहे. स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सगळे द्रव त्यात येतात. 'उत्पादन' या शब्दात मद्य तयार होण्याची नैसर्गिक आणि कृत्रिम, दोन्ही प्रकारची प्रक्रिया धरली आहे. त्यामुळे 'मी काही केलं नाही, ते आपोआप आंबलं' या सबबीला फारसा अर्थ उरत नाही.

कलम १२ मद्याच्या उत्पादनाला मनाई करतं. कलम ६५ मध्ये शिक्षा आहे, तुरुंगवास आणि दंड या दोन्हींची. बातम्यांमध्ये वारंवार दिसणारं 'कलम ६५ (फ)' नवख्या हौशी माणसासाठी सर्वांत महत्त्वाचं. मादक पदार्थ तयार करण्याच्या उद्देशानं साहित्य, भांडी, अवजारं किंवा उपकरणं वापरणं, ठेवणं किंवा बाळगणं, हाही त्यात गुन्हा आहे. म्हणजे बिअर तयार होण्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. किती लिटरच्या पुढे गुन्हा, अशी किमान मर्यादाही नाही. तयार माल, भांडी आणि साहित्य जप्त होतं ते वेगळं.

इथे 'उद्देश' हा शब्द नीट वाचायला हवा. जवाचं माल्ट हे खाद्यपदार्थ आहे, यीस्ट बेकरीत लागतं, पातेलं घरोघरी असतं. ते विकणं किंवा घेणं यात स्वतंत्रपणे काही चूक नाही आणि म्हणूनच ते ऑनलाइन मिळतं. पण हॉप्स, एअरलॉक, बाटल्यांना झाकण बसवायचं यंत्र आणि आंबत असलेली बादली एकाच खोलीत सापडली, वर मोबाइलमध्ये 'आपली पहिली बॅच' असं स्टेटस असलं, तर उद्देश सिद्ध करायला तपास अधिकाऱ्याला फार कष्ट पडणार नाहीत. किटच्या जाहिरातीत 'लीगल' लिहिलेलं असतं ते विक्रीबद्दल. त्या किटचं पुढे काय केलं, याची जबाबदारी विकणाऱ्यावर येत नाही.

मित्रांकडून 'साहित्याचे पैसे' घेऊन चार बाटल्या दिल्या, तर विक्रीचाही आरोप जोडला जाऊ शकतो. गुन्हा नोंद झाला की पासपोर्टच्या अर्जात प्रलंबित खटल्याची माहिती द्यावी लागते, सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी होते. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांची संख्या पाहता, या जिल्ह्यात हा धोका दंडाच्या रकमेपेक्षा मोठा आहे.

पाच रुपयांचा परवाना चालत नाही का?

नाही. अनेकांचा गोंधळ इथेच होतो. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी आणि बाळगण्यासाठी वैयक्तिक परवाना लागतो. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभर रुपयांत आणि आजीवन हजार रुपयांत. बिअरसाठी वयाची अट २१ पूर्ण. हा परवाना दुकानातून घेतलेली बाटली पिण्याचा आहे. बनवण्याचा नाही.

बनवण्याचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो, तो व्यवसायाला. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली 'डूलाली' ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाते. त्यानंतर पुणे-मुंबईत अशा अनेक जागा उभ्या राहिल्या. पुण्याच्याच 'मूनशाइन मीडरी'नं मध आंबवून केलेलं 'मीड' बाजारात आणलं. या सगळ्यांकडे जागा, यंत्रं, शुल्क आणि विभागाची देखरेख आहे. घरच्या वीस लिटरसाठी 'हौशी परवाना' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. शंका असेल तर जिल्हा पातळीवर विचारण्याची जागा म्हणजे बुलढाण्यातलं राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांचं कार्यालय.

मग परदेशात कसं चालतं?

तिथेही ते कायम मोकळं नव्हतं. ब्रिटनमध्ये घरी बिअर बनवायला परवाना लागायचा, १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यानं प्रौढ माणसाला स्वतःसाठी वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बिअर करमुक्त बनवायची मुभा दिली. दोन प्रौढांच्या घराला त्याच्या दुप्पट. तरीही अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत २०१३ पर्यंत ते बेकायदाच होतं. जपानमध्ये आजही एक टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय परवान्याशिवाय घरी बनवता येत नाही.

फार लांब जायलाही नको. जळगाव जामोदहून सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश लागतो. तिथे आदिवासींना स्वतःच्या वापरापुरती मोहाची दारू मर्यादित प्रमाणात गाळण्याची सूट आहे. ती परंपरेसाठी आणि त्या समाजांसाठी आहे. किट मागवणाऱ्या शहरी हौशीला तिचा फायदा नाही, आणि सीमेच्या अलीकडे तर मुळीच नाही.

महाराष्ट्राचा कायदा काळानुसार बदलावा का, यावर मतं दोन आहेत. स्वतःपुरत्या पाच-दहा लिटरला हातभट्टीच्या रांगेत बसवणं अतिरेकी वाटतं, यात तथ्य आहे. पण याच राज्यात महिला मतदारांच्या मतदानावर 'आडवी बाटली' करून गावोगावची दुकानं बंद झाली आहेत. घरात दारू तयार होणं म्हणजे काय, हे ज्या बायकांनी भोगलं आहे त्यांना 'क्राफ्ट'चा मुद्दा पटवणं सोपं नाही. 'मी पितो, माझं मी बघतो' हा युक्तिवाद न्यायालयात नवा नाही. १९५१ मध्ये बाल्सारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या कायद्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, औषधी आणि प्रसाधनांच्या संदर्भातल्या. पिण्याच्या दारूवरचं राज्याचं नियंत्रण मात्र कायम ठेवलं.

घरची बिअर विषारी होते का?

ही भीती बहुतांशी चुकीच्या जागी आहे. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक जीव गेले ते मिथेनॉलमुळे. ते आंबवताना तयार झालं नव्हतं, औद्योगिक वापराचं मिथेनॉल दारू म्हणून लोकांच्या पोटात गेलं होतं. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असतं. बिघडलेली बिअर आंबट होते, वास मारते, फेकून द्यावी लागते. खरा धोका उकळत्या वीस लिटर पातेल्याचा, फुटणाऱ्या बाटलीचा आणि 'एवढं जमलंच आहे तर गाळूनही बघू' या पुढच्या पायरीचा. गाळणं, म्हणजे डिस्टिलेशन, हा वेगळाच प्रकार. त्यात बंद खोलीत अल्कोहोलची वाफ आणि शेजारी पेटता गॅस असतो. घरी बिअर बनवायला मोकळीक देणाऱ्या अमेरिकेच्या १९७८ च्या कायद्यानंसुद्धा घरी दारू गाळायला परवानगी दिली नव्हती.

तरीही हात शिवशिवत असतील तर

आंबवण्याचं तंत्र शिकायला अल्कोहोलच हवं असं नाही. ज्वारीची आंबील, दही, इडलीचं पीठ, घरचा खमीर लावलेला पाव, यांत तापमान, सामू आणि स्वच्छतेचे तेच धडे मिळतात. थर्मामीटर आणि सामू मोजायच्या पट्ट्या इथेही कामाला येतात.

माल्टचं काम तर पूर्ण करून पाहता येतं. जव किंवा ज्वारी घ्या, मोड आणा, वाळवा, भरडा. जव असेल तर ६५ अंशांना तासभर ठेवा, ज्वारीचा काही भाग आधी शिजवून थंड करून मग त्यात मोडाचं पीठ मिसळा. आयोडीनचा थेंब टाकून पाहा. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, रंग बदलला नाही तर साखर झाली. गाळून, उकळून, थंड करून त्यात सुंठ किंवा लिंबू पिळलं की माल्टचं गोड सरबत तयार. यीस्ट घालायचं नाही आणि हे सरबत त्याच दिवशी संपवायचं. बाहेर राहिलं तर घाटाखालच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी त्यावर फेस दिसायला लागतो. हवेतलं यीस्ट कुणी न बोलावता येतं.